सूत्र आणि भाष्य : यंत्राच्या नियमफाइलीचा वाचनीय दस्तऐवज



शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी विषय निवडताना मी एकच कसोटी लावली. ज्या गोष्टीचा परिणाम आपल्या लेखनावर रोज होतो, पण जी आपण कधी वाचलेली नसते, अशा एखाद्या गोष्टीचा उलगडा व्हावा. संगणकात दडलेल्या ज्या फाइलींच्या आधाराने यंत्र आपली मराठी लिहिते, तपासते आणि क्रमाने लावते, त्या फाइली अशांपैकीच आहेत. त्यांचा माणसाला वाचता येईल असा दस्तऐवज कसा करावा आणि तो का करावा, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. मराठीच्या अध्यापकाने या क्षेत्रात पाऊल का टाकावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. विवेचनाच्या ओघात तिचे निरसन होईल अशी आशा आहे.

नियमफाइल म्हणजे काय?

संगणकावरील कोणतीही आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, दोन प्रकारच्या मजकुरावर चालतो. एक, खुद्द आज्ञांचा. दुसरा, त्या आज्ञांनी कसे वागावे हे सांगणाऱ्या ठरावांचा. भाषा कोणती, अक्षराचा आकार किती, तारीख कोणत्या रीतीने लिहायची, हजारांपुढे स्वल्पविराम कोठे द्यायचा, असे ठराव एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेले असतात. तिला संगणकाच्या व्यवहारात कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आपण आज तिला नियमफाइल म्हणू.

या फाइलीचा बाह्य आकार अत्यंत साधा असतो. बहुधा डावीकडे एक नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह किंवा अपूर्णविराम, आणि उजवीकडे त्याचे मूल्य. अशा ओळींचे गट केलेले असतात आणि गटाच्या माथ्यावर चौकटी कंसात त्याचे नाव असते. काही ओळींच्या आरंभी एखादे ठरावीक चिन्ह असते. ती ओळ यंत्राने वाचायची नसते, माणसासाठी ठेवलेली टीप असते. ठळक अक्षरे नाहीत, परिच्छेद नाहीत, समास नाही. सगळे सपाट.

आपल्या परंपरेत अशा लेखनाला नाव आहे. ते म्हणजे सूत्र. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांतील कित्येक सूत्रे सुटी वाचली तर अर्थहीन वाटतात, कारण मागील सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत गृहीत धरलेले असते. याला व्याकरणात अनुवृत्ती म्हणतात. नियमफाइलीतही नेमके हेच घडते. गटाचे नाव वर एकदाच येते आणि खालच्या सर्व ओळींवर त्याचा अंमल चालतो. मधली एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली तर अक्षर न बदलताही अर्थ बदलतो. सूत्र पाठ करणाऱ्याला त्याची संक्षिप्तता सोयीची, तशी यंत्राला ही संक्षिप्तता सोयीची असते. परंतु सूत्रावर पतंजलीला महाभाष्य रचावे लागले. महानुभाव पंथातही केसोबासांनी सिद्ध केलेल्या सूत्रपाठातील वचन उमगण्यासाठी लीळाचरित्रातील प्रसंगाकडे जावे लागते. नियमफाइलीचा दस्तऐवज करणे म्हणजे, थोडक्यात, यंत्राच्या सूत्रावर माणसासाठी भाष्य लिहिणे होय.

मराठी शुद्धलेखनाच्या दोन फाइली

उदाहरण घेतल्याशिवाय हे स्पष्ट होणार नाही. आपण संगणकावर मराठी लिहितो तेव्हा काही शब्दांखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. ती कोण काढतो? लिब्रेऑफिस, फायरफॉक्स इत्यादी अनेक आज्ञावलींत हे काम हन्स्पेल नावाचा तपासनीस करतो. तो मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी सिद्ध केला. हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जडतात, त्यामुळे प्रत्येक रूप कोशात लिहून ठेवणे अशक्य होते. मराठीचीही अडचण तीच. ‘घर’ या एका शब्दाची घराला, घरात, घराचा, घरासाठी, घरापर्यंत अशी किती रूपे होतात, हे इथे बसलेल्या शिक्षकांना सांगायला नको.

म्हणून हन्स्पेल दोन फाइली वापरतो. एकीत शब्दांची यादी असते. माथ्यावर शब्दांची अंदाजे संख्या, मग ओळीला एक शब्द, आणि शब्दापुढे तिरपी रेघ देऊन त्याच्या गटाची खूण. दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात. नियमाच्या प्रत्येक ओळीत मुख्यतः चार गोष्टी येतात : गटाची खूण, शब्दाच्या शेवटचे काय काढायचे, त्या जागी काय जोडायचे, आणि शब्दाचा शेवट कसा असेल तरच हे करायचे. नमुन्यादाखल मी एक नियम रचून सांगतो. ‘खूण क, दीर्घ ऊकार व ल काढा, ह्रस्व उकार, ल व काना जोडा, शब्दाचा शेवट दीर्घ ऊकार व ल असा हवा.’ या एका ओळीने ‘फूल’चे ‘फुला’ होते आणि पुढे दुसऱ्या नियमाने ‘फुलाला’, ‘फुलात’, ‘फुलाचा’ ही रूपे शुद्ध ठरतात. याच ओळीने ‘मूल’चे ‘मुला’ होते.

ही आपल्याच शुद्धलेखनाच्या नियमांची यंत्रासाठी केलेली सूत्ररचना आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आणि त्यांत भर घालणारे ४ नियम १९७२ साली आले. उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ह्रस्व होतो, हा त्यांतलाच एक. शाळेत आपण तो फळ्यावर शिकवला. आज तो यंत्राच्या फाइलीत जाऊन बसला आहे आणि जे त्या फाइली वापरून लिहितात त्यांच्या लेखनावर शिक्षकाप्रमाणे खुणा करतो आहे.

आता अडचण पाहा. ‘फूल’ आणि ‘मूल’ यांच्या जोडीला कोणी घाईने ‘चूल’ या शब्दापुढेही तीच खूण घातली, तर शेवट जुळत असल्याने यंत्र बिनतक्रार ‘चुलात’ हे रूप शुद्ध मानील आणि ‘चुलीत’ या खऱ्या रूपाखाली तांबडी रेघ काढील. ‘चूल’ स्त्रीलिंगी आहे हे यंत्राला कोणी सांगितलेले नाही. दुसरी जोडी घ्या. मोहरमात आपल्याकडे ‘पिराला’ नवस बोलतात, पण आपण नदीच्या ‘तीरावर’ बसतो. ‘पीर’ आणि ‘तीर’ यांचा शेवट अक्षरशः एक. पण ‘तीर’ तत्सम, म्हणून त्याचा दीर्घ इकार तसाच राहतो. अशी चूक सातवीचा चांगला विद्यार्थीही दाखवून देईल. परंतु त्याच्यापुढे ती कोणत्या स्वरूपात येते? खुणा, तिरप्या रेघा, तुटलेल्या मात्रा आणि हजारो सपाट ओळी. ज्यांना मराठी येते त्यांना फाइल वाचता येत नाही, आणि ज्यांना फाइल वाचता येते ते मराठीचे अधिकारी असतीलच असे नाही. जे वाचता येत नाही ते तपासता येत नाही. हा या विषयाचा गाभा आहे.

दस्तऐवजाच्या पोटात काय असते?

रूपांतर कशाचे कशात करायचे हे कळण्यासाठी शब्दसंस्कारकाचा दस्तऐवज, म्हणजे वर्डची किंवा रायटरची फाइल, आतून कशी असते ते पाहावे लागेल. बाहेरून ती एक फाइल दिसते, पण वस्तुतः ती अनेक फाइलींचे आवळलेले गाठोडे असते. आत एका फाइलीत मजकूर, दुसरीत अक्षरांच्या शैली, तिसरीत क्रमांकांची पद्धत, शिवाय चित्रे वेगळी. या मांडणीची जागतिक मानके ठरलेली आहेत. ओपनडॉक्युमेंट हे मानक २००६ साली आणि वर्डच्या नव्या फाइलींचे मानक २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्वीकारले.

यातून लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, दस्तऐवजातही नियम आणि मजकूर वेगळेच ठेवलेले असतात. ‘हे शीर्षक आहे’ एवढे मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. शीर्षक किती मोठे आणि कोणत्या फॉन्टात दिसावे, हे शैलीच्या फाइलीत असते. चांगला दस्तऐवज करणारा माणूस म्हणून प्रत्येक ओळ निवडून तिला ठळक करीत बसत नाही. तो तिला ‘शीर्षक’, ‘टीप’, ‘उदाहरण’ अशी नावे देतो आणि रूप एकाच जागी ठरवतो.

मराठीच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की काही फॉन्ट ‘श’ आणि ‘ल’ यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात. ‘हिंदी’ नोंदवली की तीच अक्षरे हिंदी वळणाने दिसतात. साठवलेले अक्षर तेच असते, केवळ भाषेच्या एका नोंदीने त्याचा चेहरा बदलतो. तेव्हा दस्तऐवज करताना भाषेची नोंद मराठी करणे, हा शिष्टाचाराचा भाग समजावा.

रूपांतराची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शाळेतील संगणकावर नववी-दहावीची मुलेही हे करू शकतील.

पहिली पायरी, मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत घेणे. जुन्या पोथीवर काम करणारा संशोधक मूळ पोथीवर शाईने खुणा करीत नाही, तोच हा नियम. प्रतीच्या नावात मूळ फाइलीचे नाव, आवृत्ती आणि प्रत घेतल्याची तारीख असावी. ही माहिती पुढे दस्तऐवजाच्या पहिल्या पानावरही लिहावी, कारण मूळ फाइल बदलत राहते आणि कोणत्या पाठावर भाष्य केले हे वाचकाला कळले पाहिजे.

दुसरी पायरी, फाइल योग्य संकेतनात उघडणे. मराठीच्या आजच्या फाइली बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या असतात. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ती रचली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हासाठी तीन बाइट लागतात आणि त्यांतला पहिला नेहमी एकच असतो. म्हणून फाइल चुकीच्या संकेतनात उघडली तर पडद्यावर स्वरचिन्हे चढवलेली रोमन अक्षरे दिसतात आणि त्यांत एकच अक्षर पुनःपुन्हा येते. अशी रांग दिसली तर फाइल बिघडली असे मानू नये. ती बंद करून, यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. तशीच साठवली तर मात्र ती खरोखर बिघडेल.

तिसरी पायरी, शब्दसंस्कारकाची परोपकारी वृत्ती बंद करणे. हा आपण होऊन सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, तीन टिंबांचे एक चिन्ह करतो आणि वाक्यारंभीचे रोमन अक्षर मोठे करतो. गद्य लेखनात हे शोभते. नियमफाइलीत लहान ‘ए’ आणि मोठा ‘ए’ या दोन वेगळ्या खुणा असू शकतात. म्हणून स्वयंदुरुस्तीची सोय आधी बंद करावी.

चौथी पायरी, ओळींची जात ओळखणे. गटाचे नाव आले की त्याला शीर्षकाची शैली द्यावी. नाव व मूल्य अशा ओळींचा तक्ता करावा. मजकुराचा तक्ता करण्याची सोय वर्ड आणि रायटर दोन्हींत आहे, फक्त स्तंभ कोणत्या चिन्हावर तोडायचे ते सांगावे लागते. माणसासाठी ठेवलेल्या टिपा साध्या परिच्छेदात घ्याव्यात. ओळींचा क्रम बदलू नये. अकारविल्हे लावण्याचा मोह सोडावा, कारण क्रमातच अर्थ असू शकतो. प्रत्येक ओळीपुढे मूळ फाइलीतला ओळक्रमांक द्यावा. पुढे दुरुस्ती सुचवायची तर ‘अमुक ओळ’ असा नेमका निर्देश हवा.

फाइल फार मोठी असेल तर हेच काम आज्ञावलीकडून करून घेता येते. पॅनडॉक नावाची मुक्त आज्ञावली साध्या मजकुरातून वर्डचा किंवा ओपनडॉक्युमेंटचा दस्तऐवज तयार करते. मजकुरात शीर्षके व तक्ते साध्या चिन्हांनी दाखवले की पुरते. ती २००६ साली जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिली. हे गृहस्थ अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे या सभेत मुद्दाम सांगतो. मानव्यविद्येच्या अभ्यासकाला हे क्षेत्र परके नाही, याचे ते बोलके उदाहरण आहे.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. तक्त्यात एक स्तंभ वाढवून प्रत्येक नियमाचे भाष्य लिहायचे. ‘खूण क’च्या ओळीपुढे असे लिहावे : ‘लकारान्त, उपान्त्य दीर्घ ऊकार असलेल्या पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शब्दांचे सामान्यरूप. उदाहरणे : फूल-फुला, मूल-मुला. लागू नाही : चूल.’ असे भाष्य लिहिताना नियम लिहिणाऱ्याने काय गृहीत धरले होते ते उघड होते. केवळ रंगीत तक्ता करून थांबलो, तर सपाट सूत्राचे सजवलेले सूत्र झाले. त्याला दस्तऐवज म्हणता येणार नाही.

सहावी पायरी मुद्रितशोधकाची. मूळ फाइलीत ओळी किती आणि दस्तऐवजात किती आल्या, हे मोजून पाहावे. अदृश्य चिन्हांकडेही लक्ष ठेवावे. देवनागरीत अक्षरजोड घडवण्यासाठी शून्य रुंदीचे चिन्ह वापरले जाते. ते डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ते असलेला शब्द आणि नसलेला शब्द हे दोन वेगळे शब्द असतात. भाष्यात त्याची नोंद हवी.

आणि एक सावधगिरी. भाषेच्या फाइलींत सर्व काही उघड असते, पण कार्यालयातील इतर नियमफाइलींत परवलीचे शब्दही लिहिलेले असतात. शाळेच्या संगणकाच्या मांडणीचा असा दस्तऐवज केला, आणि तो अवश्य करावा, कारण जाणता माणूस बदलून गेला की संगणक मुका होतो, तर परवलीचे शब्द त्यातून वगळून ते मुख्याध्यापकांच्या ताब्यात वेगळे ठेवावेत.

जुन्या फॉन्टांतील मराठी

या विषयाची दुसरी बाजू माजी विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाची असेल. १९९० च्या दशकात मराठीचा बराच मजकूर अशा फॉन्टांत टंकला गेला, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. स्मरणिका, प्रश्नपत्रिका, निमंत्रणपत्रिका सगळे त्यातच झाले. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसते. तो गेला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग, कारण फाइलीत मराठी कधी साठवलेलीच नव्हती. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ साली आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिची देवनागरी भारतीय मानकाच्या आधीच्या मसुद्यावर आधारलेली होती. पण छपाईच्या व्यवहारात ते रुजायला बराच काळ गेला.

असा मजकूर आजच्या दस्तऐवजात आणायचा तर एक नियमफाइलच लागते. डावीकडे जुन्या फॉन्टातील खूण, उजवीकडे युनिकोडमधील अक्षर. महानुभावांच्या सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर योजलेले असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, तो अशाच एका तक्त्याच्या बळावर. मात्र फॉन्टांचे काम एकास एक अशा तक्त्याने भागत नाही. जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवतात. रफाराचे उलट. तो दिसतो अक्षराच्या माथ्यावर, शेवटी, पण साठवायचा आधी. शिवाय अर्धा ‘श’ आणि काना मिळून पूर्ण ‘श’ होतो, म्हणून तक्त्यात दोन खुणांचा जोड आधी आणि सुटी खूण नंतर तपासावी लागते. येथेही क्रमात अर्थ आहे.

तक्ता चुकला तर काय होते? ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत फरक फक्त रफाराच्या रूपाचा. एक नियम ढिला ठेवला की स्मरणिकेत गुरुजनांना केलेले वंदन स्वयंपाक्यांना जाऊन पोचते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधी रूपांतरित केलेल्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र जोडून लिहिलेले सापडते. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना यंत्राला एक सापडते, दुसरे नाही.

सीमेवरच्या मराठीचा प्रश्न

हे सारे बाजारहत्नूरला येऊन सांगण्याचे विशेष कारण आहे. आदिलाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग पलीकडे गेले, इकडचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्यांच्या रेषा हलल्या तरी येथल्या घरांतली मराठी हलली नाही. तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी यांच्या शेजारात राहून तिने आपले शब्द घडवले. जमिनीच्या ज्या उताऱ्याला महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, त्या जातीच्या नोंदीला इकडे ‘पहाणी’ म्हणतात. हा शब्द मराठी ‘पाहणी’चाच सोयरा. महाराष्ट्रात तालुका असतो, येथे ‘मंडल’ असते. इच्चोडा, उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, केसलापूर ही नावे येथल्या मुलांच्या निबंधात रोज येतात.

पुण्या-मुंबईत सिद्ध झालेल्या शब्दयादीत हे शब्द नसतील, तर यंत्र त्यांच्याखाली तांबडी रेघ ओढील. ‘पहाणी’ लिहिणाऱ्या मुलाला ते ‘पाहणी’ सुचवील. जमिनीचा उतारा मागणारा अर्ज तपासणीची विनंती होऊन बसेल. मुलाला मात्र वाटेल की आपल्या घरची मराठी अशुद्ध आहे. रेघ कोणी, कोणत्या नियमाने काढली हे त्याला दिसत नाही, म्हणून तो तिच्याशी वाद घालू शकत नाही. नियम वाचता येत नसला की माणूस त्याला निसर्गनियम समजतो. वस्तुतः तो कोणीतरी लिहिलेला ठराव असतो, आणि ठराव बदलता येतो.

आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘हत्नूर’चे सामान्यरूप काय करावे? ‘नागपूर’चे आपण ‘नागपुरात’ असे ह्रस्व करतो, तरी बोलण्यात ‘नागपूरला’ही सर्रास ऐकू येते. ‘हत्नूर’मधील ‘नूर’ हा ‘पूर’ नव्हे. त्याचा शेवट तेलुगू ग्रामनामांच्या वळणाचा आहे. तेव्हा ‘बाजारहत्नुरात’ लिहावे, ‘बाजारहत्नूरात’ लिहावे, की ‘बाजारहत्नूरमध्ये’? याचे उत्तर फाइल लिहिणाऱ्याने दूर बसून द्यावे, की ज्यांचे हे गाव आहे त्यांनी? माझे उत्तर स्पष्ट आहे. पण ते देण्यासाठी फाइल तुमच्यापुढे वाचनीय रूपात आली पाहिजे.

शेजारचे एक उदाहरण आशादायक आहे. याच जिल्ह्यातील नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची एक लिपी जगापुढे आली आणि २०१८ साली युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. आपली मोडी लिपी त्याआधी चारच वर्षे, २०१४ साली तेथे पोचली होती. एका लहान गावातील कागदपत्रांवरून जगाच्या नियमफाइलीत भर पडू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मराठीची शब्दयादी त्यामानाने कितीतरी जवळची आहे. तिच्या मुक्त फाइली कोणालाही उतरवून घेता येतात आणि दुरुस्त्या सुचवता येतात.

परतीची वाट

एक इशारा देऊन विवेचन आटोपतो. दस्तऐवज हा वाचण्यासाठी आहे, यंत्राला परत खाऊ घालण्यासाठी नाही. दस्तऐवजातील तक्ता जसाच्या तसा उचलून फाइलीत चिकटवला, तर वळणदार अवतरणचिन्हे, ओळक्रमांक आणि भाष्य सारेच आत जाईल आणि तपासनीस बंद पडेल. दुरुस्ती ठरली की ती मूळ फाइलीच्या प्रतीत, साध्या मजकूर-संपादकात, त्या त्या ओळीवर करावी, नवी फाइल चालवून पाहावी आणि मगच तिच्या आधारे दस्तऐवज पुन्हा तयार करावा. नियम फाइलीत राहतो, विचार दस्तऐवजात होतो आणि दोहोंच्या मध्ये जाणता माणूस असतो.

या शाळेतील शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. येत्या वर्षात येथल्या मराठीतले दोनशे शब्द आणि सर्व गावांची नावे गोळा करावीत. प्रत्येकापुढे लिंग, सामान्यरूप आणि एक वाक्य लिहावे. वडीलधाऱ्यांना विचारून मतभेद असतील ते दोन्ही नोंदवावेत. मग आज सांगितलेल्या रीतीने शब्दयादीचा आणि प्रत्ययनियमांचा दस्तऐवज करून त्याच्याशी ही यादी ताडून पाहावी आणि जी भर सुचेल ती त्या फाइली सांभाळणाऱ्यांकडे पाठवावी. शहरात नोकरी करणारे माजी विद्यार्थी यंत्राची बाजू सांभाळतील, गावात राहणारे शब्दांची. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण आहे त्या शिक्षकांच्या नावाने ती यादी ओळखली गेली, तर शिक्षकाच्या स्मारकाला याहून योग्य जागा कोणती?